नोंदीतले मूल आणि वर्गातले मूल : प्रारंभिक प्राथमिक स्तरावरील कृती व मूल्यमापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत शिकवणे आणि तपासणे या वस्तुतः दोन स्वतंत्र क्रिया नसतात. सहा-सात वर्षांचे मूल चिंचोके मोजत असते तेव्हा ते शिकत असते, आणि त्याच वेळी आपल्याला काय येते हेही दाखवीत असते. शिक्षकाचे लक्ष असेल, तर पुढची कृती कोणती द्यावी हे त्याला तिथेच उमगते. महाराष्ट्रात २०१० नंतर मूल्यमापनविषयक जे धोरणात्मक बदल झाले, त्यांनी हे तत्त्व कागदोपत्री मान्य केले. व्यवहारात मात्र कृती एका वहीत आणि मूल्यमापन दुसऱ्या वहीत, अशी फारकत झाल्याचे दिसते.

प्रस्तुत लेखात या फारकतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी तीन बाबी विचारात घेतल्या आहेत : आजच्या पालघर जिल्ह्यातच घडलेला बोर्डी-कोसबाडचा बालशिक्षणाचा प्रयोग, २०१० नंतर रूढ झालेला 'वर्णनात्मक नोंद' हा लेखनप्रकार, आणि २०१९ साली गाजलेला मराठी संख्यावाचनाचा वाद. वसई-विरारमधील बहुभाषिक वर्ग हा या विवेचनाचा संदर्भ आहे. मूल्यमापनाची कोणतीही नोंद उद्याच्या कृतीत काही बदल घडवीत असेल तरच ती मुलाविषयीची नोंद ठरते. अन्यथा ती व्यवस्थेने स्वतःविषयी केलेली नोंद असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. बोर्डी-कोसबाडचा वारसा

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केल्यानंतर ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू केला. १९४५ साली त्या बोर्डी येथे आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने ग्रामीण आणि आदिवासी वस्तीत परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे, माती यांतून साधने घडली. या इतिहासातील साधनांची काटकसर नेहमी सांगितली जाते. त्यामागील निरीक्षणाची रीत मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

कुरणशाळेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला जात होती. हजेरीपटाच्या भाषेत ही केवळ गैरहजेरी होय. ताराबाई आणि अनुताई यांनी तिच्याकडे माहिती म्हणून पाहिले : मूल या वेळी कुठे असते, काय करीत असते, त्याच्याभोवती कोणत्या वस्तू असतात? या प्रश्नांचे उत्तर म्हणून शाळाच कुरणावर गेली. अंगणवाडीची कल्पनाही याच जातीची. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल, तर बालवाडी त्याच्या अंगणात भरते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यायची असेल, तर ते भावंडही शाळेच्या आवारात सामावले पाहिजे, हे निरीक्षणातूनच कळू शकते.

या सर्व उदाहरणांत मूल्यमापन आणि कृती यांमध्ये अंतर नाही. जे दिसले त्याने शाळेची वेळ, जागा आणि साधने बदलली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. नाव सर्वत्र पोहोचले. पण मुलाकडे पाहून व्यवस्था बदलण्याची रीत तितकी दूर पोहोचली, असे म्हणता येत नाही.

२. २०१० नंतरची व्यवस्था

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे त्याच्या कलम २९ मध्ये अभिप्रेत आहे. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. पहिली व दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार देण्यात आला. तिसरी व चौथीसाठी हे प्रमाण ६० आणि ४० असे ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य आणि इतर, अशी आठ साधनतंत्रे सुचविण्यात आली. गुणांऐवजी श्रेणी आल्या, आणि श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंद आली.

लहान मुलाला वर्षातून दोनदा तीन अंकी टक्क्यांत मोजण्यापेक्षा ही रचना निश्चितच शहाणपणाची होती. दैनंदिन निरीक्षणाला यादीत पहिले स्थान देणे म्हणजे कोसबाडच्या विचाराला एका अर्थाने राजमान्यता मिळणेच होते. अडचण अंमलबजावणीच्या अंकगणितात होती. अधिनियमाने प्राथमिक स्तरावर साधारणतः ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले आहे. मराठी, गणित, इंग्रजी, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे सहा विषय, दोन सत्रे आणि ३० मुले धरली, तर प्रत्येकी एकच नोंद लिहावयाची झाली तरी वर्षाला ३६० नोंदी होतात. त्यात वर्ग जोडवर्ग असेल, शिक्षकाकडे निवडणुकीचे वा सर्वेक्षणाचे काम असेल, तर नोंदी केव्हा लिहिल्या जाणार? त्या सत्राच्या शेवटी, एका बैठकीत लिहिल्या गेल्या. आणि एका बैठकीत ३६० मुलांसारख्या भिन्न गोष्टी आठवून लिहिणे शक्य नसल्याने त्या कुठून तरी उतरवून घेतल्या गेल्या. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. पुढे त्याच याद्या भ्रमणध्वनीवरून शाळाशाळांत फिरू लागल्या.

त्यानंतरही व्यवस्था सतत बदलत राहिली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि त्याबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मात्र तीन ते आठ या वयोगटासाठी औपचारिक परीक्षा अयोग्य मानून निरीक्षण आणि मुलांच्या कामाचे विश्लेषण या दोन पद्धतींवर भर दिला. परिणामी एकाच वर्गात एक दस्तऐवज निरीक्षण करा म्हणतो आणि दुसरा घड्याळ लावा म्हणतो. दोहोंत तात्त्विक मेळ घालता येईलही. पण तो घालण्याचे काम वर्गशिक्षकावर सोपविले गेले आहे.

३. वर्णनात्मक नोंद : एका लेखनप्रकाराचे वाचन

वर्णनात्मक नोंदीकडे आजवर प्रशासकीय बाब म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः ती मराठी गद्याचा एक प्रकार आहे, आणि राज्यातील प्रत्येक प्राथमिक शाळेत तो दरवर्षी लिहिला जात असल्याने विपुलतेत त्याच्याशी स्पर्धा करणारे लेखन थोडेच असेल. भाषेच्या अभ्यासकाने त्याचे वाचन करणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

'सुवाच्य अक्षरात लेखन करतो', 'कवितेचे तालासुरात गायन करते', 'गटकार्यात आनंदाने सहभागी होतो', 'वाचन करताना अडखळतो' ही या प्रकारातील नमुनेदार वाक्ये. त्यांच्या व्याकरणाकडे पाहिले असता काही गोष्टी लक्षात येतात. पहिली, क्रियापद सदैव रीती वर्तमानकाळाचे असते. काय घडले हे वाक्य सांगत नाही. काय घडत असते हे सांगते. त्यामुळे त्याला तारीख लागत नाही, प्रसंग लागत नाही. दुसरी, कर्ता लुप्त असतो आणि केवळ क्रियापदाच्या लिंगावरून सूचित होतो. म्हणजे एक नोंद दुसऱ्या मुलाला लावताना 'करतो'चे 'करते' एवढाच बदल पुरतो. तिसरी, कर्म अमूर्त असते : 'लेखन', 'वाचन', 'गायन'. कोणता मजकूर वाचला, कोणत्या शब्दापाशी मूल अडखळले, याला वाक्यात जागाच नसते. चौथी, 'आनंदाने', 'उत्साहाने', 'आत्मविश्वासाने' ही क्रियाविशेषणे मुलाचे वर्णन करण्याऐवजी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आश्वस्त करतात.

याउलट पुढील कल्पित नोंद पाहावी : 'मंगळवारी गोष्ट वाचताना "समुद्र" या शब्दाशी थांबली. चित्र पाहून "दर्या" असे वाचले आणि पुढे गेली. जोडाक्षर ओळखता आले नाही. अर्थ मात्र बरोबर होता.' ही नोंद भूतकाळात आहे. तिला वार आहे, शब्द आहे, चूक आहे, आणि त्या चुकीमागचे आकलनही आहे. मुख्य म्हणजे ती वाचल्यावर बुधवारी काय करावयाचे हे ठरविता येते : जोडाक्षरांचा खेळ घ्यावयाचा, आणि गोष्टीचा अर्थ पुन्हा समजावीत बसण्याचे कारण नाही. 'वाचन करताना अडखळतो' या वाक्यावरून बुधवारविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

नोंद खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण ठरतो. तयार यादीतून उतरविलेले वाक्य एखाद्या मुलाच्या बाबतीत योगायोगाने खरेही असू शकते. ते निरुपयोगी असते, कारण त्यातून कृती जन्मत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांनाही ही प्रक्रिया अपरिचित नसावी. निष्पत्तींचे तक्ते भरताना काम आधी आणि नोंद नंतर हा क्रम उलटतो, आणि ज्याची नोंद करता येईल तेवढेच काम म्हणून उरते, याचा अनुभव उच्च शिक्षणातही येतो.

४. 'त्रेपन्न' आणि '३५' : चुकीचे वाचन

२०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून मोठा वाद झाला. 'एकवीस', 'बावीस' या रूढ संख्यानामांसोबत 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन त्यात दिले होते. गणित अभ्यासगटाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले. वाद वृत्तपत्रांतून विधिमंडळापर्यंत पोहोचला. भाषेच्या अस्मितेविषयी, परंपरेविषयी आणि विनोदाच्या अंगानेही पुष्कळ बोलले गेले. या सर्व गदारोळात ज्या मुलाच्या अडचणीतून हा विषय उद्भवला होता, ते मूल मात्र बाजूला पडले.

ती अडचण अशी. 'त्रेपन्न' या शब्दात तीनचा अंश आधी येतो आणि पन्नासचा नंतर. लिहिताना मात्र ५ आधी आणि ३ नंतर. त्यामुळे श्रुतलेखनात 'त्रेपन्न' ऐकून '३५' लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते शब्द नीट ऐकून, ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते. 'एकोणतीस' ऐकून '३१' किंवा '३९' लिहिणाऱ्या मुलाने 'एक' आणि 'तीस' हे दोन्ही घटक ओळखलेले असतात. 'एकोण' म्हणजे एकाने कमी, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' म्हणणाऱ्या मुलाने तर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचा नियम स्वतः शोधून काढलेला असतो. भाषाच तिथे नियम मोडते, मूल मोडत नाही.

पारंपरिक चाचणीत या तिन्ही उत्तरांना सारखीच फुली मिळते, आणि वर्णनात्मक नोंदीत तिन्ही मुलांपुढे 'संख्यालेखनात चुका करतो' हे एकच वाक्य येते. वास्तविक तिघांना तीन निरनिराळ्या कृतींची गरज आहे. पहिल्याला दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन 'आधी जुड्या, मग सुट्या' हे हाताने करावयास हवे. दुसऱ्याला तीस मण्यांच्या माळेतून एक मणी काढून उरलेल्यांना नाव द्यावयास हवे. तिसऱ्याचे तर कौतुकच करावयास हवे, आणि 'नव्व्याण्णव' हे नाव एक गंमत म्हणून सांगावयास हवे. 'वीस एक' ही पद्धत स्वीकारावी की नाही, यावर मतभेद राहतील. त्या पद्धतीने चुकीमागील कारणाकडे लक्ष वेधले होते, ही तिची जमेची बाजू मात्र मान्य करावी लागेल. वादाचा निकाल काहीही लागला, तरी '३५' लिहिणारी मुले दुसरीच्या वर्गात राहणारच आहेत.

५. वसई-विरारचा वर्ग

विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदा आणि परिसरातील गावे मिळून २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. पश्चिमेला वाड्या, कोळीवाडे आणि मिठागरे, पूर्वेला आदिवासी पाडे आणि औद्योगिक वसाहती, मध्ये लोहमार्गालगतच्या दाट चाळी, असा हा प्रदेश आहे. कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी, वारली या बोली येथे नांदतात. शिवाय गुजराती, हिंदी, भोजपुरी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. वर्गात प्रमाण मराठी ही पुष्कळ मुलांची दुसरी भाषा असते, आणि सेमी-इंग्रजी वर्गात गणित तिसऱ्याच भाषेत चालते. घरी 'त्रेपन्न' म्हणणारे मूल शाळेत 'फिफ्टी-थ्री' ऐकते. त्याची चूक कोणत्या भाषेतली हे न पाहता दिलेली श्रेणी मुलाच्या गणिताविषयी फारसे सांगत नाही.

मिनिटाला ६० शब्दांचे लक्ष्य अशा वर्गात विशेष सावधपणे वापरावे लागते. अक्षर-ओळख पक्की नसल्याने मूल सावकाश वाचते, आणि शब्द घरात कधी ऐकलेला नसल्यानेही सावकाश वाचते. घड्याळाला दोन्ही मंदपणा सारखेच दिसतात. पहिल्यावरचा उपाय वाचनाचा सराव हा आहे, दुसऱ्यावरचा उपाय भरपूर बोलणे आणि ऐकणे हा आहे. दुसऱ्या मुलाला पहिल्याचा उपाय दिला, तर ते काही आठवड्यांत वेगाने वाचू लागेलही. परंतु काय वाचले हे त्याला सांगता येणार नाही.

कृतींच्या बाबतीत हा परिसर समृद्ध आहे. मासळी बाजारात बोंबील वाट्याने विकले जातात. कोळी कुटुंबातील सात वर्षांच्या मुलीने आईला वाटे घालताना पाहिलेले असते. चोवीस बोंबलांचे सहा-सहाचे वाटे घालावयास सांगितले, तर भागाकाराची कल्पना तिच्या हातात आधीपासूनच आहे असे आढळेल. भागाकाराचे चिन्ह तेवढे नवे असेल. वाडीतल्या मुलाला केळ्यांची फणी आणि डझन ठाऊक असतात. रोज लोकलने ये-जा करणाऱ्या घरातले मूल नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार हा क्रम बिनचूक सांगते. आधी, नंतर, मध्ये या संकल्पना त्याला त्यातून देता येतात आणि त्यातूनच तपासताही येतात. ही सर्व उदाहरणे रंजनाकरिता नाहीत. परिचित वस्तूवर कृती दिली की मुलाला गणित येत नाही की गणिताची भाषा येत नाही, हे वेगळे करता येते. आणि तीच या वयातल्या मूल्यमापनाची मुख्य गरज आहे.

मात्र स्थानिक उदाहरणांचीही तयार यादी होऊ शकते, याचे भान ठेवले पाहिजे. मासळीचे वाटे चाळीतल्या मुलाला लोकलइतके परिचित असतीलच असे नाही. २०२३ मध्ये केंद्र शासनाने पायाभूत स्तरासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके यांचा समावेश असलेला 'जादूई पिटारा' आणला. अशी साधनपेटी उपयुक्तच आहे. तिच्यातील कोणती वस्तू कोणत्या मुलापुढे आणि का ठेवावयाची, हे मात्र पेटी सांगू शकत नाही.

६. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कोसबाड हा निष्ठावंत व्यक्तींनी उभारलेला प्रयोग होता. लाखो मुलांच्या व्यवस्थेला एकसारखी मोजमापे लागतातच. हा आक्षेप बराच रास्त आहे. राज्याला कोणत्या तालुक्यात मुले वाचनात मागे आहेत हे कळले पाहिजे, आणि ते शिक्षकाच्या खासगी टिपणांतून कळणार नाही. २००५ पासून 'असर' पाहणीत वापरले जाणारे अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असे साधे तोंडी साधन या कामी उपयोगी ठरले आहे. विशेष म्हणजे 'प्रथम' संस्थेने तशाच साधनाचा वापर मुलांचे वाचनस्तरानुसार गट करून त्यांना निरनिराळ्या कृती देण्यासाठीही केला. म्हणजे प्रमाणित चाचणी स्वतः दोषी नाही. तिच्या निकालाने दुसऱ्या दिवशीचा वर्ग बदलतो की नाही, ही कसोटी तिलाही लागू होते. याच जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथे २००७ पासून कार्यरत असलेल्या 'क्वेस्ट' संस्थेचे वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठीचे कामही, निदान आणि कृती एकत्र ठेवता येतात, याची साक्ष देते.

दुसरा आक्षेप शिक्षकाच्या वेळेचा. प्रत्येक मुलाची रोज तपशीलवार नोंद अशक्य आहे, हे खरे. पण तशी मागणी कोसबाडचीही नव्हती. दिवसाला दोन मुलांची दोन-तीन वाक्यांची नोंद घेतली, तर ३० मुलांचा वर्ग १५ दिवसांत पूर्ण होतो. वर्षाकाठी ३६० सर्वसामान्य वाक्यांपेक्षा अशा मोजक्या, वार आणि प्रसंग असलेल्या नोंदी अधिक उपयुक्त ठरतील. त्यासाठी केंद्रप्रमुखांनी आणि अधिकाऱ्यांनी तपासणीचा प्रश्न बदलावा लागेल. 'नोंदवही पूर्ण आहे का' याऐवजी 'या नोंदीनंतर काय केले' हे विचारले जात नाही, तोवर शिक्षकाला दोष देणे अन्याय्य होईल. रिकामी चौकट शिक्षकाला अडचणीत आणते आणि निरर्थक वाक्य त्याला सोडवते, अशी रचना असेल, तर कोणताही शहाणा माणूस वाक्यच लिहील.

समारोप

बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेल्या कामापासून आजच्या समग्र प्रगतिपत्रकापर्यंत पाहिले, तर विचारांच्या पातळीवर फारसे अंतर पडलेले नाही. निरीक्षण, कृती, परिसर, मातृभाषा हे शब्द तेव्हाही होते आणि आजच्या दस्तऐवजांतही आहेत. अंतर पडले आहे ते निरीक्षणाच्या दिशेबाबत. कोसबाडला निरीक्षण मुलाकडून कृतीकडे जात होते; आज ते बहुधा मुलाकडून वरिष्ठ कार्यालयाकडे जाते आणि तिथून परत येत नाही.

आज पहिली-दुसरीत असलेली मुले सुमारे दहा-बारा वर्षांनी याच परिसरातील महाविद्यालयांत दाखल होतील. त्यांपैकी काहींना परिच्छेद वाचता येईल पण त्यातला युक्तिवाद सांगता येणार नाही, आणि मग पाया कच्चा असल्याची तक्रार प्राध्यापक-कक्षात पुन्हा होईल. तो पाया दुसरीतल्या एखाद्या मंगळवारी, 'समुद्र' या शब्दापाशी थांबलेल्या मुलीकडे कोणी पाहिले की नाही, यावर अवलंबून असतो. अध्यापक विद्यालयांनी आणि भाषा विभागांनी भावी शिक्षकांना चाचण्या काढावयास शिकविण्याबरोबरच असे एक साधे, प्रसंगनिष्ठ वाक्य लिहावयास शिकविले, तर या दुरुस्तीला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.